छबूबाईचा एकच हिरो

चिंचमळ्यात कांदा निवडायला बसणाऱ्या बायकांना कुणी विचारलं, सिनेमा बघता का, तर त्या हो म्हणतात. ते काही खरं नाही. त्या सिनेमा ऐकतात. मोबाईल उलट्या क्रेटवर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला असतो, आवाज होईल तेवढा चढवलेला असतो आणि सगळ्यांच्या माना खाली कांद्यात असतात. नासका बाजूला, कोंब आलेला बाजूला, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा आणि चांगला तो गोणीत. पडद्यावर मारामारी कितीही रंगात येवो, मान वर करायची सोय नाही. मान वर केली की नासका चांगल्यात जातो, चार दिवसांत अख्खी गोणी वास मारायला लागते आणि मग कांदा साठवायची चाळ ज्यांची आहे ते आप्पासाहेब पुढचे आठ दिवस तेच ऐकवत बसतात.

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या कडेकडेनं आत गेलं की हा चिंचमळा लागतो. पंचवीस-तीस घरांची वस्ती. तिथं कांदा निवडणाऱ्यांत सगळ्यात भरभर हात चालतो तो छबूबाईचा, आणि सगळ्यात भरभर तोंडही तिचंच. साठीला टेकलेली, अंगानं काटक, नवरा बन्सी जाऊन सात-आठ वर्षं झालेली, मुलगी जामखेडला दिलेली. स्वतःची दोन एकर करून उरलेल्या वेळात ती आप्पासाहेबांच्या चाळीवर येते. मजुरीपेक्षा जास्त ती गप्पांसाठी येते, असं वस्तीत म्हणतात, आणि ते ती नाकारत नाही.

गप्पा म्हणजे भांडणंच. मोबाईल शेजारच्या घरातल्या निकिताचा, त्यामुळे सिनेमाही निकिताच्या आवडीचा, म्हणजे हिंदी आवाज दिलेला दक्षिणेकडचा. निकिताचं म्हणणं, अग्निराजसारखा नट नाही, लोकांना त्याची किंमतच कळलेली नाही. तिच्या शेजारी निवडायला बसणाऱ्या मोनिकाचं म्हणणं, अग्निराजला उगाच डोक्यावर घेतलंय, खरा हिरो शिवमुरुगा. तेवढ्यात गोण्या भरायला टेम्पो घेऊन मच्छिंद्र आला की तोही यात उडी घेणार. मच्छिंद्र म्हणजे रणवेलचा भक्त. टेम्पोच्या मागच्या फळीवर रणवेलचं चित्र, काखेत कुऱ्हाड घेतलेलं. तो म्हणे, "बाकीची सगळी पोरं हायेत. रणवेल एकटा बाप!"

आणि या सगळ्यांचं भांडण ऐन रंगात आलं की छबूबाई कांद्यावरची नजर न काढता एकच वाक्य टाकायची.

"भांडताय कशाला गं? ह्ये तिन्ही एकच मानूस हाय."

झालं. हसून हसून बायकांच्या हातातले कांदे गळायचे. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं म्हातारी गंमत करते आहे. पण ती गंमत करत नव्हती. तिचं मत पक्कं होतं की एक फार मोठा नट आहे, तो कधी दाढी लावतो, कधी काढतो, कधी काळा होतो, कधी गोरा, आणि दर वेळी नवं नाव घेऊन येतो. "बहुरूपी न्हाई का येत?" ती म्हणायची. "आज पोलीस होऊन दारात उभा, उद्या साधू. आपन फसतो. शेवटच्या दिशी पैसं मागायला येतो तवा सांगतो, की त्यो बी मीच आन् ह्यो बी मीच. तसाच ह्यो. फकस्त ह्यानं अजून सांगितलं न्हाई."

आता यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिची बाजू समजून घ्यायची तर तिचं लहानपण ठाऊक असायला हवं.

छबूबाईचं माहेर पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जायचे आणि छबू त्यांच्या मागोमाग. कारखान्याच्या बाजूला माळावर तंबूतला सिनेमा यायचा. तिकीट काढून पोरांना दाखवण्याइतकी कुणाची ऐपत नव्हती. छबू आणि तिच्या बरोबरीच्या पोरी तंबूच्या कापडाला बाहेरून पाठ लावून बसायच्या आणि आतला अख्खा सिनेमा कानांनी बघायच्या. कोण रडतंय, कोण लबाड आहे, कोण आता मरणार, हे त्यांना चेहरा न बघता कळायचं. आतून बाहेर आलेल्या लोकांना छबू स्टोरी सांगायची आणि ते म्हणायचे, अगं, तू आत कधी आलीस? सवय लागली ती कायमची. पुढं लग्न होऊन चिंचमळ्यात आली, घरात टीव्ही आला, पण चूल टीव्हीच्या मागल्या अंगाला. भाकरी थापता थापता तिनं पाठमोरीच सगळे सिनेमे पार पाडले. तिला हिरो तोंडानं ओळखू येत नसत. आवाजानं मात्र हजारांत ओळखले असते.

आता दुसरी गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

चिंचमळ्याच्या गणपतीची संध्याकाळची आरती घराघराच्या पाळीनं असते. ज्या घराची पाळी त्या घरचं जोडपं पुढं उभं राहून ताट धरतं. नवे कपडे, फोटो, नातेवाईक, सगळी हौस. आता गंमत अशी की या जोडप्यांपैकी निम्म्यांना आरती येत नाही. पहिलं कडवं सगळे जोरात म्हणतात, दुसऱ्याला आवाज बसायला लागतो आणि तिसऱ्या कडव्याला पुढची जोडी नुसते ओठ हलवते. पण आरती कधी पडली नाही. कारण मागं, बायकांच्या शेवटच्या ओळीत, खांबाला टेकून छबूबाई उभी असते आणि तिसरं कडवं ती एकटी, मोकळ्या गळ्यानं, शेवटापर्यंत नेते. फोटोत पुढचं जोडपं दिसतं. आवाज छबूबाईचा असतो.

ज्या वर्षी बन्सी गेला, त्याच वर्षी, ही पद्धत सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, त्यांच्या घराची पाळी होती. बन्सीला तर मुळीच आरती येत नव्हती. उन्हाळाभर शेतात पाटाच्या पाण्याची दारं धरताना छबूबाई त्याला तिसरं कडवं शिकवायची, आणि तो मधेच विसरून तिच्याकडं बघून हसायचा. "तू हायेस की मागनं," म्हणायचा. आषाढात तो गेला. भाद्रपदात पाळी मोनिकाच्या घरावरून उठली ती छबूबाईचं दार ओलांडून थेट मच्छिंद्रच्या घरी गेली. तेव्हापासून प्रत्येक फेरीत तशीच जाते. कुणी नको म्हणालं नाही. कुणी या असंही म्हणालं नाही. जोडप्याच्या हातानं व्हायची आरती, ती जोडप्याच्याच हातानं होते, इतकं ते साधं होतं. छबूबाईनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, आणि एरवी कशावरही बोलणाऱ्या बाईनं यावर बोलू नये, यातच सगळं आलं. एकदा तरी ते ताट हातात यावं, पुढं उभं राहून त्या मूर्तीच्या डोळ्यांत बघावं, एवढंच तिला हवं होतं.

यंदा मंडळाचा अध्यक्ष झाला आप्पासाहेबांचा हर्षल. त्याचं पुणतांब्यात मोबाईलचं दुकान. डोकं नव्या वळणाचं. संगीतखुर्ची आणि लिंबू-चमच्याला लोक कंटाळलेत म्हणून त्यानं नवीनच काढलं: सिनेमाचा हगामा. जत्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो तसाच, फक्त पैलवानांच्या जागी नट. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं आपला नट कसा भारी आहे आणि लोकांनी त्याला कसा खाली ठेवलाय ते सांगायचं, दुसऱ्यानं तो कसा फुकाचा मोठा झालाय ते. मंडळाच्या मोठ्या टीव्हीवर ज्याला हवा तो सीन लावायचा. हलगी वाजणार, लोक टाळ्या देणार आणि निकाल देणार आप्पासाहेब, कारण तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्यांना पंच तेच असायचे.

"आणि शेवटच्या जोडीत जो जिंकंल," हर्षलनं स्पीकरवरून सांगितलं, "विसर्जनाच्या आदल्या दिवसाची आरती त्याच्या हातानं!"

तो सांगून मोकळा झाला. त्याच्या डोळ्यांसमोर मच्छिंद्र होता, नाहीतर वस्तीतला दुसरा कुणी बोलका गडी. पण मंडपाच्या मागल्या खांबापाशी छबूबाईचे कान टवकारले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हर्षलच्या दारात.

"माझं बी नाव घाल रं."

"काकू, तुम्ही कोणत्या नटाकडून?"

"त्यो तिघांत एक हाय न्हवं, त्याच्याकडून."

हर्षल हसला, पण नाव घातलं. म्हातारीमुळं गर्दी होईल, असा त्याचा हिशेब.

गर्दीची तयारी वस्तीनं लगेच सुरू केली. रस्त्यानं जाताना पोरं ओरडायची, "मावशी, तिन्ही एकच का?" आणि छबूबाई ताठ मानेनं म्हणायची, "व्हय, एकच." निकिताला मात्र ते बघवेना. छबूबाईवर तिचा जीव. भर मंडपात म्हातारीचं हसं होणार, याची तिलाच लाज वाटायला लागली. म्हणून हगाम्याच्या आदल्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिनं मोबाईल छबूबाईच्या हातात दिला.

"मावशी, ह्ये बघा. नीट बघा."

कसलासा सोहळा होता. कोचावर तीन माणसं शेजारी शेजारी बसली होती. रणवेल, अग्निराज, शिवमुरुगा. एक दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता, तिसरा पाणी पीत होता.

छबूबाईनं मोबाईल जवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग तिनं तो निकिताला परत दिला आणि भाकरी तशीच फडक्यात बांधली.

"तीन हायेत," ती म्हणाली.

"व्हय मावशी."

"मला येडीला वाटलं..." तिला भयंकर वाईट वाटलं. लोक हसले याचं नाही. लोक बरोबर हसत होते, याचं. एवढी वर्षं आपण कानांच्या जोरावर छाती काढून बोलत होतो आणि ते कानच खोटे निघाले. आणि ताट तर आता हातचं गेलंच. तिनं मनाशी ठरवून टाकलं की संध्याकाळी हर्षलला नाव काढायला सांगायचं.

दुपारी काम परत सुरू झालं. मोनिकानं शिवमुरुगाचा सिनेमा लावला. छबूबाई खाली मान घालून निवडत राहिली. आज तिला ऐकायचं नव्हतं, पण कान काही हातानं मिटता येत नाहीत. शिवमुरुगा कुणाला तरी दम देत होता. रागावला की आवाज चढवायच्या ऐवजी तो खाली उतरवायचा, अगदी कानाशी बोलल्यासारखा. मग तो आईजवळ गेला. 'माँ' म्हणायच्या आधी त्यानं एक बारीक आवंढा गिळला.

छबूबाईचा हात थांबला. नासका कांदा हातात तसाच.

हा आवंढा ती ओळखत होती. हाच आवंढा रणवेल गिळायचा, हाच अग्निराज गिळायचा. तोंडं तीन आहेत, हे तर आता डोळ्यांनी बघितलं. मग हा कोण?

"निके," ती हळूच म्हणाली, "ह्यो मद्रासकडचा गडी ना? त्याला आपल्यावानी हिंदी येती का?"

"त्याला कुठली येती मावशी? हिंदीत दुसरं कुणीतरी बोलतं त्याच्या जागी. मागनं."

"मागनं," छबूबाई म्हणाली.

आणि तिनं तो नासका कांदा असा भिरकावला की तो थेट बांधापलीकडं जाऊन पडला. बायका बघत राहिल्या. नाव काढायला ती हर्षलकडं गेली नाही. ती निकिताला घेऊन बसली आणि कोणता सीन कुठून कुठपर्यंत लावायचा ते पक्कं करून घेतलं.

हगाम्याला अख्खा मळा लोटला. शेजारच्या वस्त्यांवरून मोटारसायकली आल्या. आप्पासाहेब फेटा बांधून खुर्चीत, शेजारी हलगीवाला. पहिल्या तीन-चार जोड्या जोरात झाल्या. मच्छिंद्रनं सगळ्यांना लोळवलं. रणवेल हेलिकॉप्टरला लोंबकळतो तो सीन त्यानं लावला आणि वर स्वतः टेबलावर चढून दाखवलं, तेव्हा लोकांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. यादीत शेवटचं नाव छबूबाईचं, त्यामुळे शेवटची जोड लागली: मच्छिंद्र आणि छबूबाई. ती पुढं आली तेव्हा हशा सुरू झालाच होता. तिच्या काखेत ताडपत्री होती, कांद्याच्या ढिगावर टाकतात ती, तिचा उग्र वास पुढच्या तीन ओळींना गेला.

"मावशी, तिन्ही एकच का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई," छबूबाई म्हणाली. "तिघं तीन हायेत. माझं चुकलं हुतं. निकीनं मला दाखवलं."

हशा एकदम थांबला. तिनं असं कबूल करून टाकल्यावर हसायचं कशाला, हे कुणाला सुचेना.

"पन माझं निम्मंच चुकलं," ती पुढं म्हणाली. "निम्मं बरूबर हाय. ते आता तुमाला दावते." आणि तिनं ताडपत्री उलगडून अख्ख्या टीव्हीवर टाकली.

"अहो काकू!" हर्षल धावला. "सिनेमाचा हगामा आहे, टीव्ही काय झाकताय?"

"पंच बसल्यात ना? त्यांना इचार."

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "डाव करू दे तिला," ते म्हणाले. "हर्षल, बाजूला हो."

"आता सगळ्यांनी डोळं मिटा," छबूबाई म्हणाली. "मच्छिंद्रभाऊजी, तुमी बी. लबाडी करायची न्हाई. निके, लाव."

ताडपत्रीच्या मागून आवाज आला. रणवेल दम देत होता; मच्छिंद्रला तो सीन पाठ होता, त्याचे ओठ हलत होते. आवाज हळूहळू खाली उतरला, कानाशी आल्यासारखा झाला आणि थांबला. मग दुसरा सीन, अग्निराजचा. बाप पोराला घरातून काढतो तो. पोराचा आवाज असाच उतरला, कानाशी आला. मंडपात चुळबूळ झाली. कुणीतरी डोळे उघडून शेजारच्याकडं बघितलं आणि परत मिटले. तिसरा शिवमुरुगाचा. दवाखान्यात आई जायला टेकलेली. बराच वेळ काहीच नाही. मग तो बारीक आवंढा आणि मग 'माँ'.

निकितानं त्याला जोडून लगेच रणवेलचं 'माँ' लावलं. मग अग्निराजचं. तोच आवंढा, तेच फुटता फुटता आवरलेलं नरडं. एकच माणूस तीन आयांसाठी रडत होता.

"आयला," मच्छिंद्र डोळे मिटूनच म्हणाला. "ह्यो तर एकच हाय."

अख्ख्या मंडपातून एकदम असा आवाज उठला की हलगीवाल्यानं न सांगता हलगीवर थाप मारली. छबूबाईला आतून इतका आनंद झाला की तिला तो लपवता येईना. तिनं कमरेवर हात ठेवले.

"उघडा डोळं," ती म्हणाली. "तोंडं तीन, पन तुमच्या अंगावर काटा आनतो त्यो ह्यो. तुमी भांडताय रणवेल मोठा का अग्निराज. आन् दोघांच्या मागं उभा ऱ्हाऊन रडतो ह्यो. सगळ्या हिंदुस्थानात ह्याच्याइतका खाली ठेवल्याला नट मला कुनी दावा."

मच्छिंद्र सहजासहजी पाठ टेकणारा गडी नव्हता. "वहिनी, मग रणवेल काय नुसता उभा ऱ्हातो का? उड्या कोन मारतं?"

"त्योच मारतो की. लई चांगल्या मारतो. मी कुठं न्हाई म्हन्ते?"

"बरं, तुमच्या ह्या नटाचं नाव काय?"

सगळ्यांना वाटलं, आता फसली.

"मला न्हाई ठाव," छबूबाई म्हणाली. "तुमाला हाय का?"

मच्छिंद्रनं डोकं खाजवलं.

"आप्पा, तुमाला? हर्षल, तुला? एवढी मान्सं जमलीत, एकाला तरी ठाव हाय का? न्हाई ना? म्हनून तर मी त्याला हितं उभा केलाय."

यावर ज्या टाळ्या पडल्या त्या चिंचमळ्यात कुठल्या पुढाऱ्याला मिळाल्या नव्हत्या. आप्पासाहेब खुर्चीतून उठले, छबूबाईचा हात धरून वर केला आणि पैलवानाला फिरवतात तसं तिला मंडपातून एक चक्कर फिरवून आणलं. बायका तर उभ्या राहून ओरडत होत्या. मोनिकानं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, तिला ती येते हे तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि मग टाळ्या ओसरल्या आणि सगळ्यांना एकदमच ते आठवलं. आरती.

हर्षल बापाकडं बघायला लागला. पुढच्या ओळीतलं कुणीतरी पुटपुटलं, "आरती तर जोडप्याच्या हातानं..." वाक्य कुणी पुरं केलं नाही. छबूबाईचा वर गेलेला हात खाली आला. या एका गोष्टीवर तिला कधी बोलताच आलं नव्हतं.

"हर्षल," आप्पासाहेब म्हणाले, "तू काय बोलला हुतास? जितंल त्याच्या हातानं. मी आखाड्यात इतकी वर्सं पंच म्हनून उभा ऱ्हायलो. जितला त्याला नारळ. त्याला घरी बायको हाय का न्हाई, ह्ये मी कधी इचारलं न्हाई."

तेवढ्यात मच्छिंद्र पुढं आला. त्याचा चेहरा पडला होता, पण तो हरल्यामुळं पडलेला वाटत नव्हता.

"बन्सीदादा गेला त्या साली पाळी माझ्या घरला एक दिस आधी आली," तो म्हणाला. "ती कशी आली, ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई. नवा शर्ट घातला आन् उभा ऱ्हायलो. वहिनी, उद्या ताट मी आनून देतो तुमच्या हातात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. छबूबाईनं मुलीनं दिवाळीला घेतलेली, घडी न मोडलेली साडी नेसली होती. मच्छिंद्रनं ताट आणून दिलं, निरांजन त्याच्या बायकोनं लावलं. छबूबाई पहिल्यांदाच खांब सोडून पुढं उभी राहिली. इतकी वर्षं लोकांच्या खांद्यांवरून दिसणारी मूर्ती आता हातभर अंतरावर होती, आणि मूर्तीचे डोळे अगदी छबूबाईकडंच होते.

टाळ वाजले. आरती सुरू झाली आणि छबूबाईचा आवाज फुटला नाही.

ताट फिरत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ नुसते हलत होते. मागून निकितानं ओळखलं आणि आवाज चढवला. मोनिकानं चढवला. कांदा निवडणाऱ्या सगळ्या बायका शेवटच्या ओळीत उभ्या राहून जिवाच्या आकांतानं म्हणायला लागल्या आणि त्यांच्यात मच्छिंद्र भलत्याच सुरात. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं.

मग तिसरं आलं आणि नेहमीप्रमाणं सगळ्यांचे आवाज बसत गेले. निकिता एका ओळीपर्यंत पोचली आणि अडली. मच्छिंद्र तर त्याआधीच गार पडला होता. टाळ वाजत राहिले आणि त्यांच्यावर शब्द कुणाचेच नव्हते. सवयीनं काहींच्या माना मागल्या खांबाकडं वळल्या. तिथं कुणी नव्हतं.

छबूबाईला शेतातलं पाटाचं पाणी आठवलं, आणि मधेच विसरून तिच्याकडं बघून हसणारा बन्सी. इथंच अडायचा तो, बरोबर याच शब्दावर.

तिनं एक बारीक आवंढा गिळला आणि तो शब्द उचलला. आवाज पुढून आला, सगळ्यांच्या पुढून, मोकळा आणि भरदार, आणि मंडपातली सगळी माणसं वळून तिच्याकडं बघायला लागली. हर्षल मोबाईलवर शूटिंग करत होता. पुढं पुष्कळ दिवस चाळीवरच्या बायका कांदे निवडताना तेच लावायच्या, आणि तिसरं कडवं आलं की नासक्याची पर्वा न करता सगळ्याजणी मान वर करून बघायच्या.